गाडी तीच, बिघाड तोच, बिल मात्र नवं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ नागरिकांच्या सत्रात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)



सेक्रेटरींनी मला विचारलं, ‘काका, तुम्ही बँकेत होतात, तर गुंतवणुकीवर बोलाल का?’ मी म्हटलं, गुंतवणुकीवर सगळेच बोलतात. मी गॅरेजच्या बिलावर बोलतो. ते हसले, पण हो म्हणाले.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा आपल्या पहिल्या सर्वसाधारण सभेत पार्किंग हा विषयच नव्हता. पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं होतं, पण आजूबाजूला शेतंच होती. सोसायटीत चारचाकी गाड्या होत्या मोजून चार. आज एका घरात दोन गाड्या आहेत आणि सभेतली निम्मी भांडणं पार्किंगची आहेत. भांडणाऱ्यांत मीही असतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

आपण राहतो तो सगळा पट्टाच गाड्यांचा. पिंपरीला टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स. आकुर्डीला बजाज. चाकणला महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज. १९९८ साली इंडिका आली, ती इथल्याच कारखान्यातून. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी असेंब्ली लाइनवर उभं आयुष्य काढलंय. त्यांच्यापुढे मी गाडीवर काय बोलणार? म्हणून मी गाडीबद्दल बोलणार नाही, बिलाबद्दल बोलणार आहे. तो माझा प्रांत. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची बिलं, व्हाउचरं आणि करारच वाचत होतो.

प्रश्न साधा आहे. गाडी दुरुस्तीला दिली, पैसे भरले, आणि आठ दिवसांनी तोच बिघाड परत आला. आता दुसऱ्यांदा पैसे कुणी द्यायचे? गॅरेजवाला म्हणतो, मी पार्ट टाकलाय, मेहनत केलीय. आपण म्हणतो, बिघाड गेला कुठे?

माझीच गोष्ट सांगतो.

२०२३ सालची. माझी लहान पेट्रोल गाडी सात वर्षांची झाली होती, वॉरंटी केव्हाच संपलेली. मार्च महिन्यात ती गरम व्हायला लागली. काटा वर चढायचा. मी यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहिले आणि मला सगळं कळलं असं वाटलं. आपल्या भागातल्या एका गॅरेजला फोन केला आणि म्हटलं, ‘अहो, बहुधा थर्मोस्टॅट गेलाय, तेवढा बदलून द्या.’ त्यांनी बदलला. बिल झालं २,३४० रुपये.

दहा दिवसांत काटा पुन्हा वर. परत गेलो. या वेळी मी काही सुचवलं नाही, फक्त म्हटलं, ‘अजून गरम होतेय, बघा.’ त्यांनी रेडिएटर बदलला. पार्टचे ५,२००, कूलंटचे ६६०, मजुरी २,०००. एकूण ७,८६०. मी पैसे दिले.

मग मे महिना. सौ.चं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तपासणीला जाऊन आम्ही परत येत होतो. महामार्गाखालचा आपला भुयारी मार्ग तुम्हाला माहीत आहे. तिथली गर्दीही माहीत आहे. तिथे गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ यायला लागली. मागून हॉर्नवर हॉर्न. डॉक्टरांनी धूळ आणि धूर टाळायला बजावून सांगितलं होतं, आणि ही काळा चष्मा लावून, डोळ्यावर पदर धरून, सर्व्हिस रोडला उन्हात पाऊण तास उभी. शेवटी आपल्याच सोसायटीतला एक मुलगा ऑफिसमधून येताना दिसला. त्याने गाडी थांबवली आणि ‘काकू, बसा’ म्हणून तिला घरी सोडलं. मी टोइंगची वाट बघत तिथेच. टोइंगचे १,८००.

डोळा तीन दिवस लाल होता. पुढे काही झालं नाही, देवाची कृपा. पण ते तीन दिवस मला झोप नव्हती.

तिसऱ्या वेळी गॅरेजमध्ये एक वयस्कर मेकॅनिक होते. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला एकच प्रश्न विचारला. ‘काका, हायवेला पळताना गरम होते का, की फक्त गर्दीत?’ मी म्हटलं, फक्त गर्दीत, हायवेला काटा जागेवर असतो. ते म्हणाले, ‘मग फॅन बघू.’ गाडी पळते तेव्हा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. गाडी उभी राहिली की तेच काम पंख्याने करायचं असतं. पंखा ठीक होता, पण त्याला वीज देणारा रिले खराब झाला होता. मधूनच चालायचा, तापला की बंद. रिलेची किंमत ४२० रुपये. बसवायची मजुरी ३००.

म्हणजे ७२० रुपयांचं काम होतं.

आता मी बँकवाल्यासारखा हिशोबाला बसलो. गॅरेजच्या मालकांना म्हटलं, आधीची दोन्ही बिलं परत करा. ते शांतपणे म्हणाले, ‘काका, थर्मोस्टॅट तुम्हीच सांगितला होता. तुम्ही सांगितलं ते आम्ही केलं.’ आणि त्यांनी जॉबकार्ड काढून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘थर्मोस्टॅट बदलणे’. खाली माझी सही.

मंडळी, चौतीस वर्षं मी कर्जदारांना सांगत आलो की सही करण्याआधी कागद वाचा. आणि इथे मी काय केलं?

आज मला जे सांगायचंय ते याच कागदात आहे. आपण आजार सांगायचा, औषध सांगायचं नाही. जॉबकार्डावर ‘अमुक पार्ट बदला’ असं लिहिलं, तर गॅरेजने तो पार्ट नीट बदलला की त्यांचं काम संपलं. बिघाड राहिला तर तो आपला. पण ‘गर्दीत उभी असताना गाडी गरम होते, हायवेला होत नाही, ही तक्रार दूर करणे’ असं लिहिलं, तर तक्रार दूर करणं हेच त्यांचं काम. ती दूर झाली नाही तर काम झालंच नाही. पैसे कुणी द्यायचे हे बिल येतं तेव्हा ठरत नाही. गाडी आत जाते तेव्हा जॉबकार्डावर ठरतं. बँकेत कर्जाच्या अर्जावर ‘कर्जाचा हेतू’ असा एक रकाना असतो, लोक तो घाईत भरतात. पुढचा सगळा वाद त्याच रकान्यावर होतो. हे तसंच आहे.

आणि फायदा फक्त पैशांचा नाही. मी पहिल्या दिवशी ते एक वाक्य सांगितलं असतं, तर मेकॅनिक पहिल्याच दिवशी पंख्याकडे गेला असता. माझ्या हुशारीने खरं लक्षणच झाकलं गेलं.

दुसरं बिल मात्र वेगळं होतं. त्या वेळी जॉबकार्डावर ‘गाडी गरम होते, तपासणे’ असं होतं. निदान त्यांनी केलं, निर्णय त्यांचा. मी म्हटलं, जुना रेडिएटर दाखवा. तो भंगारात गेला होता. ते म्हणाले, तो चोंदलेला होता. असेलही. सात वर्षांच्या गाडीत ते अशक्य नाही. पण दाखवायला काही नव्हतं. आपल्या शेजारचे एक काका वाहनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. ते म्हणतात, ‘आमच्याकडे पार्ट बदलला की जुना पार्ट टेबलावर यायचा. का गेला हे विचारल्याशिवाय नवा बसवायचा नाही.’ आपल्यालाही हे करता येतं. गाडी देतानाच सांगायचं, जुना पार्ट मला परत हवा.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. मी वकील नाही, पण कायदा वाचायची सवय आहे.

सीएआयआयबीच्या परीक्षेला आम्हाला १८७२ चा करार कायदा असायचा. बँकेला ग्राहकाच्या मालावर जो हक्क असतो, तो कलम १७१ मध्ये आहे. ते आम्हाला पाठ. त्याच्या आधीचं कलम १७० कारागिरासाठी आहे. आपण वस्तू कामाला दिली आणि कारागिराने ठरल्याप्रमाणे काम केलं, तर मजुरी मिळेपर्यंत त्याला ती वस्तू अडवून ठेवता येते. कायद्यातच हिऱ्याचं उदाहरण आहे. जवाहिऱ्याकडे खडबडीत हिरा पैलू पाडायला दिला, त्याने ते काम तसं केलं, तर पैसे मिळेपर्यंत हिरा त्याच्याकडे. म्हणून गॅरेजवाले ‘बिल भरा, मग किल्ली घ्या’ म्हणतात, त्यात गैर काही नाही. पण हा हक्क सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे झाल्यावरचा आहे. काम झालंच नाही असं आपलं म्हणणं असेल, तर गॅरेजच्या दारात आरडाओरडा करून उपयोग नाही. गाडी हवी असेल तर पैसे भरा, आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहा, ‘तक्रार कायम आहे, हक्क राखून रक्कम भरली’. खाली तारीख आणि सही. या एका ओळीची किंमत पुढे कळते.

दुसरा कायदा ग्राहक संरक्षणाचा. या चळवळीची सुरुवात आपल्या पुण्याची. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. देशाचा कायदा आला १९८६ मध्ये, आणि आताचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात ‘सेवेतील त्रुटी’ ही व्याख्या आहे. कामाचा दर्जा किंवा काम करण्याची पद्धत कायद्याने किंवा कराराने ठरल्यापेक्षा कमी पडली, तर ती त्रुटी. इथे ‘कराराने’ हा शब्द पुन्हा आपल्याला जॉबकार्डाकडेच नेतो.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे आपल्याला पुण्यात. मुदत दोन वर्षांची. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीला हा कायदा सहसा लागू होत नाही, पण स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला होतो. आणि पावती घ्याच. मागूनही बिल न देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं म्हणणाऱ्याकडे आपण पैसे वाचवतो आणि पुरावा घालवतो.

नवी गाडी असेल तर प्रश्न येतो, जबाबदार कोण, कंपनी की डीलर? यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलून देण्याचं वचन असेल, तर तेवढंच मागता येतं, संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून वॉरंटीचं पुस्तक गाडी घेतानाच वाचायचं. दुसरा निकाल २०२१ चा, गोव्यातला. एका ग्राहकाने २०११ च्या गाडीचे पैसे दिले, पण डीलरने आधी वापरलेली, २००९ मध्ये बनवलेली गाडी त्याच्या गळ्यात मारली. खालच्या आयोगांनी कंपनी आणि डीलर दोघांनाही जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं. कंपनी डीलरला माल विकते, दोघांचे व्यवहार स्वतंत्र, आणि डीलरने परस्पर केलेली गोष्ट कंपनीला माहीत होती असं सिद्ध झालं नव्हतं. तेव्हा वर्कशॉपने काम बिघडवलं तर आधी वर्कशॉपला पकडायचं. कंपनीलाही सुरुवातीपासून पत्र पाठवत राहायचं, म्हणजे पुढे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं तिला म्हणता येणार नाही.

आता गॅरेजवाल्यांची बाजू. मी कर्ज विभागात असताना अशी पुष्कळ लहान गॅरेजं पाहिली आहेत. भाडं, पोरांचे पगार, हप्ता, आणि उधारीवर काम करून घेणारे आपण. माझ्या गॅरेजचे मालक मला जे म्हणाले ते मी विसरलेलो नाही. ‘काका, तपासायचे पैसे कोणी देत नाही. दोन तास घालवून फॉल्ट शोधला आणि तीनशे रुपये मागितले तर लोक भांडतात. पार्ट टाकला की पाच हजार मुकाट्याने देतात. मग पोरं पार्ट टाकून बघतात.’

यात खोटं काय आहे? डॉक्टरला आपण तपासणी फी देतो, औषध लिहून दिलं नाही तरी देतो. मेकॅनिकला देत नाही. त्यात भर अशी की कंपन्यांनी आपले सुटे भाग, माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांपासून राखून ठेवली. याच कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण साधन हातात नसेल, तर साधा मेकॅनिक अंदाजानेच काम करणार. म्हणून हल्ली मी आधीच सांगतो, तपासणीचे वेगळे पैसे देतो, फॉल्ट सापडल्याशिवाय पार्ट टाकू नका. स्वस्त पडतं.

मग आमचा निवाडा काय झाला? मालक आणि मी चहा घेत बसलो आणि तीन रकाने केले. पहिलं बिल माझं, कारण औषध मी सांगितलं होतं. दुसऱ्या बिलातली मजुरी २,००० त्यांनी परत करायची, कारण निदान त्यांचं चुकलं. रेडिएटरचे निम्मे, म्हणजे २,६०० त्यांनी द्यायचे. निम्मेच, कारण नवा रेडिएटर माझ्या गाडीत राहिला, त्याचा उपयोग मला आहेच. कूलंट माझ्याकडे. टोइंग निम्मं निम्मं, ९०० त्यांचे. तिसऱ्या वेळी मजुरी माफ, रिलेचे ४२० मी दिले. त्यांनी ५,५०० रुपये परत केले, आणि ते पण चेकने. मी आयोगात गेलो नाही. जायची वेळ आली असती, तर पहिल्या जॉबकार्डावरची माझी सही माझ्याच विरुद्ध उभी राहिली असती.

घरी येऊन मी सौ.ला हिशोब वाचून दाखवला. ७२० चं काम मला ६,९२० ला पडलं, पण ५,५०० सोडवून आणले, अशी थोडी फुशारकीही मारली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘आणि माझ्या त्या पाऊण तासाचं बिल कुणाच्या नावावर टाकलंत?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यात मानसिक त्रासाची भरपाई आहे, आयोग ती देतोही. पण तिला ते विचारायचं नव्हतं. मार्चमध्ये एक ओळ नीट लिहिली असती, तर मे महिन्यात ती उन्हात उभी राहिली नसती, हे तिला म्हणायचं होतं. तो रकाना माझ्याच नावावर आहे.

आता शेवटचं, आणि ते सोसायटीबद्दल. घरची गोष्ट झाल्यावर मी आपली जुनी व्हाउचरं आठवली. मी खजिनदार होतो तेव्हा एका वर्षात पाण्याच्या पंपाची मोटर आपण तीनदा रिवाइंडिंग केली. तीन वेळा मोटर जळाली, तीन वेळा बिल आलं, तिन्ही व्हाउचरांवर ‘मोटर रिवाइंडिंग करणे’ असं लिहिलं होतं. तिन्ही सह्या माझ्या. नंतर कळलं की टाकीतला लेव्हल स्विच बिघडला होता आणि पंप कोरडा चालत होता. मोटर तिन्ही वेळा नीटच भरली होती, त्यामुळे त्या कारागिराला बोल लावता येत नव्हता. ‘मोटर का जळते ते शोधा’ असं आपण कुणालाच सांगितलं नव्हतं. तो पैसा तुमचा सगळ्यांचा होता. आज या व्यासपीठावरून त्याची कबुली देतो.

म्हणून समितीला माझी एक विनंती आहे. लिफ्ट, पंप, जनरेटर, गेटची मोटर, प्रत्येकासाठी एक साधी वही ठेवा. चार रकाने पुरेत. तारीख, काय होतंय, काय केलं, जुना पार्ट कुठे आहे. कामाच्या आदेशावर पार्टचं नाव घालू नका, तक्रार घाला. तोच बिघाड साठ किंवा नव्वद दिवसांत परत आला तर मजुरी लागणार नाही, अशी ओळ आधीच लिहून घ्या. वही मी विकत आणून दिली आहे, सेक्रेटरींच्या कपाटात आहे. पहिलं पान मी भरलंय. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबते तेव्हा दोन इंच खाली थांबते, रोज नाही, पावसात जास्त. कारण काय असेल ते मी लिहिलेलं नाही.

 त्या दिवशी काकूंना घरी सोडणारा मुलगा आज समोर बसला आहे. त्याचं नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही, म्हणून घेत नाही. पण त्याचे आभार.